सहावी ओळ

उन्हाळा असा चढला होता की कोंबड्यांनी ओरडणं सोडून नुसत्या चोची उघड्या टाकल्या होत्या. दोन हजार कोंबड्या, दोन हजार उघड्या चोची, आणि एकीतूनही आवाज नाही. घरात आवाज होता तो एकाच चोचीचा, आणि ती कोंबडी नव्हती. ती थोरलीची धाकटी बहीण होती.

चोच हे नाव थोरलीनेच ठेवलेलं. धाकटी तीन वर्षांची असताना घास तोंडात धरूनसुद्धा बोलत राहायची. थोरली वैतागून म्हणाली होती, "हिला जीभ नाही, चोच आहे." ते नाव पोरीला असं चिकटलं की शाळेच्या हजेरीतलं नाव घरातलेच विसरले. आता त्याच नावाने ती रॅप म्हणायची, आणि त्याच नावाने तिचा पहिला अल्बम येणार होता. आठ गाणी. 'उघडी चोच'. रस्त्यात पोरं तिला थांबवून विचारायची, "चोच, कधी येतोय गं?" थोरलीला थांबवून लोक विचारायचे, "अंडी आहेत का?"

थोरली एकोणीसची, चोच सोळाची. मागच्या वर्षी बाबा पाण्याच्या टाकीवरून पडले आणि त्यांची पाठ कामातून गेली. तेव्हा थोरलीने कॉलेज सोडलं. सोड असं कोणी म्हणालं नव्हतं. एक दिवस ती गेली नाही, दुसऱ्या दिवशी गेली नाही, आणि तिसऱ्या दिवशी का गेली नाहीस असं कोणी विचारलं नाही. ते न विचारणं तिच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं होतं. गिळताही येत नव्हतं, काढताही येत नव्हतं.

पहाटे पाचला ती उठायची. आधी पाण्याच्या नळ्या धुवायच्या, कारण गरम पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही. मग खाद्याची पोती पाठीवर घेऊन गव्हाणीत ओतायची. ऊन चढू लागलं की आईबरोबर गोणपाटं भिजवून शेडच्या जाळीवर टांगायची. तासाभरात ती कडकडीत वाळायची, की पुन्हा बादल्या. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलेलं की मोटर पाण्यापेक्षा हवाच जास्त ओढायची. शेडमध्ये माणसाएवढे तीन पंखे होते आणि ते दिवसभर घोंघावत असत. त्यांच्यावरच सगळं चाललं होतं.

दहा वाजता आणि चारला अंडी गोळा करायची. अंड्यांच्या ट्रेमध्ये तीस खळगे असतात. थोरली एका हातात तीन, दुसऱ्या हातात तीन अशी एका दमात सहा अंडी उचलायची आणि एक ओळ भरून टाकायची. पाच ओळी झाल्या की ट्रे भरला. आकडे मोजता मोजता डोकं बधिर व्हायला लागलं, तेव्हा तिने ओळींसाठी एक गाणं जुळवलं. गाणं म्हणजे काय, पुटपुटणं:

पहिली ओळ घाईची, पाण्याआधी आईची.
दुसरी ओळ पाठीची, बाबांच्या त्या काठीची.
तिसरी ओळ उन्हाची, ज्याच्या त्याच्या गुन्ह्याची.
चौथी ओळ बडबडीची, चोच नावाच्या गडबडीची.
पाचवी ओळ भरायची, ट्रे उचलून धरायची.

हे तिने कधी कोणाला म्हणून दाखवलं नव्हतं. कोंबड्यांना मात्र पाठ झालं असावं.

अल्बम रेकॉर्ड व्हायचा तो खाद्याच्या खोलीत. लग्नाकार्यात स्पीकर लावणारा साउंडवाला माइक आणि लॅपटॉप घेऊन यायचा. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला काहीतरी मऊ, खडबडीत हवं असं तो म्हणाला आणि चोच उड्या मारत अंड्यांचे कागदी ट्रे घेऊन आली. चारही भिंतींवर तिने ते उभे ठोकले.

"बाहेर लोक यासाठी स्टुडिओवाल्यांच्या मागे फिरतात," साउंडवाला म्हणाला. "तुमच्याकडे फुकट पडलंय."

"फुकट कुठलं," थोरली म्हणाली. "मला अंडी भरायला ट्रे कमी पडतायत."

"ताई, कलेसाठी थोडं सोसावं लागतं," चोच म्हणाली.

"सोसायचं मी आणि कला तुझी. छान वाटणी आहे."

अडचण होती पंख्यांची. त्यांची घरघर माइकमध्ये यायची. शेवटी बाबांनी नियम घालून दिला. गाणी पहाटेच म्हणायची, गार असताना. एका गाण्यापुरते, म्हणजे चार मिनिटं, पंखे बंद. मग तासभर चालू. "आणि ऊन वर आलं की त्या बटणाला हात लावायचा नाही. मग तुमचं गाणं जगात पहिलं येणार असलं तरी."

बटण शेडच्या आतल्या बाजूला, खाद्याच्या खोलीच्या छोट्या खिडकीखाली. ते सांभाळायचं काम अर्थातच थोरलीकडे आलं. खिडकीतून एक दोरी काढून तिला पत्र्याचं झाकण बांधलेलं. झाकण एकदा वाजलं की पंखे बंद, दोनदा वाजलं की चालू. अशी सात गाणी झाली. सात पहाटा थोरली बटणापाशी उभी राहिली आणि खिडकीवरच्या पोत्याच्या पडद्याआडून बहिणीचा आवाज ऐकत राहिली.

खरं सांगायचं तर गाणी चांगली होती. तीच तर पंचाईत होती. वाईट असती तर थोरलीने मनापासून कौतुक केलं असतं.

आठव्या गाण्याबद्दल चोच काही सांगायला तयार नव्हती. "ते शेवटी. अल्बम आला की ऐक." थोरलीला वाटलं, मोठी आली गुपितवाली.

त्या दिवशी साउंडवाल्याची गाडी वाटेत पंक्चर झाली. पहाटे यायचा तो साडेदहाला आला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो महिनाभर बाहेरगावच्या कामाला जाणार होता. बाबा पाठ दाखवायला दवाखान्यात गेलेले. आई विहिरीवर मोटरशी झगडत होती. पत्रा इतका तापलेला की शेडमध्ये शिरताना कोणीतरी गरम हात तोंडावर ठेवल्यासारखं व्हायचं.

"एकदाच," चोच म्हणाली. "चार मिनिटं. शेवटचं गाणं आहे."

"बाबांनी काय सांगितलंय?"

"बाबा नाहीयेत."

"म्हणजे ऊनही नाही का?"

चोचीने थोरलीचा हात धरला. "ताई," म्हणाली. एरवी तिची हाक म्हणजे 'ए' किंवा 'अगं'. 'ताई' निघायचं ते चेष्टेत, नाहीतर काम असलं की. यात चेष्टा नव्हती.

साउंडवाला वायर उलगडता उलगडता म्हणाला, "त्यांनाच विचार. बटण त्यांच्या हातात आहे."

हे वाक्य थोरलीला फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिच्या हातात आहे असं चारचौघात बोललं गेलं होतं. "चारच मिनिटं," ती म्हणाली.

झाकण वाजलं. तिने बटण दाबलं. पंखे रडत रडत थांबले आणि शेडमध्ये नुसती धाप उरली, दोन हजार गळ्यांची, कपडा चोळल्यासारखी. मग पोत्याच्या आडून ठेका सुरू झाला. टक, टक-टक. चोच बोलायला लागली. आधी शेडबद्दल, मग पत्र्याबद्दल, मग एका हातात तीन अंडी धरणाऱ्या कोणाबद्दल तरी. आणि मग:

"पहिली ओळ घाईची, पाण्याआधी आईची..."

थोरलीच्या मानेवरचा घाम गार पडला.

एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. फक्त तिच्या तोंडात जे पुटपुटणं होतं, ते चोचीच्या तोंडात टाळ्या घेणारं झालं होतं. दुसरी ओळ आली. तिसरी आली. आपल्या अंगावरचा कपडा दुसरीने घालावा आणि तो तिलाच जास्त शोभावा, तसं काहीतरी. चौथ्या ओळीला साउंडवाला आतून "वा" म्हणाला. वा कोणाला? पहाटे पाचला उठते कोण, पोती वाहते कोण, आणि वा कोणाला? पाचवी ओळ आली. संपलं, थोरलीला वाटलं, आता तरी संपलं.

"सहावी ओळ..." चोच म्हणाली.

"सहावी ओळ नसतेच," थोरली दातांतल्या दातांत म्हणाली. आणि तिचा हात बटणावर गेला. खट्.

पंखे घोंघावत उठले. पोतं बाजूला करून चोचीने डोकं बाहेर काढलं. "काय झालं? मी वाजवलं नव्हतं."

"कोंबड्या बघ कशा धापा टाकतायत."

ते खरंच होतं. म्हणूनच ते बोलायला सोपं गेलं.

"एकच ओळ राहिली होती गं."

"मग पुन्हा म्हण."

पंखे जेमतेम दोन-चार मिनिटं फिरले असतील. पुन्हा झाकण वाजलं. यावेळी थोरलीने ठरवलं होतं, होऊ दे पूर्ण. पण तो 'सहावी' शब्द आला आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली: हिने आयुष्यात एक ट्रे भरला असता तर हिला कळलं असतं. ओळी पाच असतात. चोरायचं तर धड मोजून तरी चोरायचं. खट्.

मध्येच चोचीचा घसा बसला, पाणी पिऊन झालं, साउंडवाल्याची वायर सैल निघाली, ती बसवून झाली, आणि या सगळ्यात पंखे लावायचं कोणाला सुचलं नाही. मग तिसऱ्यांदा गाणं. तिसऱ्यांदा आपोआप हात गेला असं थोरलीला स्वतःलाही सांगता आलं नसतं. ती त्या शब्दाची वाट बघत बटणावर बोट ठेवून उभी होती, आणि तो आला तसं खट्. चार मिनिटांचा अर्धा तास झाला, आणि त्या अर्ध्या तासात तिने एकदाही मागे वळून पिंजऱ्यांकडे पाहिलं नाही.

"पंखे कोणी बंद केले गं?" आईची हाक शेडच्या दुसऱ्या टोकाकडून आली. मग बादली पडल्याचा आवाज.

मधल्या रांगेतल्या, वरच्या पिंजऱ्यातल्या, ऐन पत्र्याखालच्या अकरा कोंबड्या गेल्या होत्या. माना जाळीतून बाहेर लोंबत होत्या. थोरलीने एकेक काढली. मेलेली कोंबडी हलकी लागते असं लोक म्हणतात. तिला त्या जड लागल्या आणि गरम, भाजलेल्या विटेसारख्या. पाय अजून लवत होते.

बाबा दुपारी आले. काठी टेकत शेडच्या दारात उभे राहिले.

"कोणी बंद केले?"

थोरलीच्या तोंडात शब्द आला होता. अगदी दातांपर्यंत आला होता.

"मी सांगितलं होतं बंद करायला," चोच म्हणाली.

"किती मिनिटांचं गाणं?"

"चार."

"आणि गेल्या किती?"

"अकरा."

"मोजून ये."

"आईने मोजल्या ना बाबा."

"तू मोजून ये. ऐकलेलं नको सांगूस."

साउंडवाला मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला. त्याच्यासमोर चोच मेलेल्या कोंबड्या टाकलेल्या खड्ड्यापाशी गेली आणि बोट दाखवून एक, दोन, तीन असं अकरापर्यंत मोजलं. मोठ्याने. बाबा म्हणाले म्हणून. परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"आता ते ट्रे भिंतीवरून काढ. ते अंड्यांसाठी आहेत," बाबा म्हणाले. "आणि पंखे पुन्हा बंद होणार नाहीत."

पूर्ण दुपार ती खिळे उपटत होती. थोरली बाहेर खड्डा बुजवत होती, वर चुना पसरत होती, आणि प्रत्येक खिळ्याचा चरचर आवाज तिला ऐकू येत होता. आता आत जावं आणि सांगावं, असं तिला चार वेळा वाटलं. पाचव्यांदा वाटेपर्यंत काम संपलं. आणि लाज वाटते सांगायला, पण मनाच्या एका कोपऱ्यात तिला बरंही वाटत होतं. आठवं गाणं आता होणार नव्हतं.

पुढचे दहा दिवस चोच बोलली नाही. घरात असा शुकशुकाट झाला की आई दोनदा तिच्या कपाळाला हात लावून ताप बघून गेली. ती सकाळी उठून गोणपाटं भिजवायला यायची, निम्मं पाणी स्वतःच्या पायांवर सांडायची आणि थोरलीकडे बघायचीही नाही. आणि अकराव्या दिवशी, ट्रे न्यायला येणारे गाडीवाले काका आले, ते टेम्पोची दारं उघडी टाकून, आतून गाणं धडधडत.

"आला की अल्बम," ते म्हणाले. "येताना पुन्हा पूर्ण ऐकला. पोरी, काय तोंड आहे तुझं. आमच्या घरचे तर आता अंडी फोडतानासुद्धा म्हणतायत, पहिली ओळ घाईची."

थोरलीच्या हातातला भरलेला ट्रे कलंडता कलंडता राहिला. "ते गाणं आहे त्यात?"

"शेवटचं. तेच तर भारी आहे. थांब."

त्यांनी लावलं. बाबा खाटेवरून कान देऊन बसले, आई पदराला हात पुसत आली. शेडबद्दल, पत्र्याबद्दल, मग ओळी. एक, दोन, तीन, चार, पाच. "सहावी ओळ..." आणि मग, ठेक्याच्या मागून, पोत्याआडून, पण अगदी स्वच्छ, दुसराच आवाज: "सहावी ओळ नसतेच." खट्. पंखे घोंघावत उठले, वाढत गेले, सगळं गाणं गिळून टाकलं आणि अल्बम संपला.

"शेवटी पंखा लावतं ते कोण?" काका विचारत होते. "काय अचूक वेळ साधलीये. अंगावर काटा येतो."

काकांच्या फोनच्या पडद्यावर गाण्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शब्द आणि आवाज, चोच. पंखा, ताई.

आई थोरलीकडे बघत होती. बाबाही. गाणं मध्येच तोडणारा तो आवाज कोंबड्यांच्या काळजीचा नव्हता, हे ऐकणाऱ्या कोणालाही कळलं असतं.

"मी लावला," थोरली म्हणाली. "तिन्ही वेळा मीच लावला. तिला तीनदा म्हणावं लागलं ते माझ्यामुळे. त्या अकरा माझ्या आहेत."

बाबा काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. "कशापायी?"

"ते गाणं माझं होतं."

"मग तसं बोलायचं ना पोरी," बाबा म्हणाले. "कोंबड्यांना कशाला मधे घातलंस?"

आईने थोरलीच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि टेम्पोत ठेवला. मग दुसरा ठेवला. काका एकदम अंडी तपासायला लागले.

थोरलीने चोचीला नळापाशी गाठलं. "तुला माहीत होतं."

"हेडफोन कानाला होते माझ्या. तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"चोरी मीच केली होती आधी," चोच बादलीत बघत म्हणाली. "रोज ऐकून ऐकून मला ते आपल्या घरातलंच वाटायचं. पाण्यासारखं. तुझं आहे असं वाटलं ते लिहून झाल्यावर."

"आणि मग हे अख्ख्या जगाला ऐकवायचं कशासाठी?"

"पूर्ण गाणं नव्हतंच माझ्याकडे. तू करू दिलंस का? साउंडवाल्याला फोनवर सांगितलं, जे आहे ते तसंच चढव. त्यात दहा दिवस मला रागही आला होता. आत्ताही आहे थोडा."

"सहावी ओळ काय होती?"

"तूच म्हणालीस, नसते." चोचीने बादली उचलली आणि गेली. निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

चारला थोरली अंडी गोळा करायला गेली. पहिली सहा उचलली आणि तोंडून काही निघेना. ते गाणं आता काकांच्या घरी होतं, टेम्पोत होतं, कुठल्या कुठल्या पोरांच्या कानात होतं. तिथे ते छान मजेत असणार. तिने नुसतं एक, दोन, तीन मोजलं आणि दोनदा चुकली.

जवळचे ट्रे संपले, म्हणून तिने खाद्याच्या खोलीतून भिंतीवरून उतरवलेला गठ्ठा आणला. एकेक ट्रे सुटा करून भरत गेली. सातवा ट्रे हातात घेतला तर त्यावर निळ्या शाईने काहीतरी लिहिलेलं. खळग्यांच्या मधल्या कडांवर, बारीक, नीटस. चोचीचं अक्षरही तिच्यापेक्षा चांगलं होतं, ते तर होतंच.

ट्रे भिंतीवर उभा ठोकला की त्याच्या ओळी पाच दिसत नाहीत, सहा दिसतात. पाच पाच खळग्यांच्या सहा. चोचीने ट्रे कधी भरला नव्हता, पण समोर उभं राहून रोज बघितला होता, आणि वहीसारखा एका ओळीवर एक असं लिहीत गेली होती. पाच ओळी थोरलीच्या. मग एक ओळ रिकामी उरली होती. तिथे लिहिलं होतं:

सहावी ओळ थोरलीची, कबुली पाच चोरल्याची.

थोरलीने ते वाचलं. पंखे चालू होते. कोंबड्या चोची उघड्या टाकून तिच्याकडे बघत होत्या, जणू आता तरी काहीतरी बोल.

तिने तीनदा बटण दाबलं होतं, ते या ओळीवर.

हा ट्रे बाजूला ठेवावा असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, ट्रे कमी पडतायत. तिने तो आडवा होता तो उभा फिरवला. उजव्या हातात तीन अंडी घेतली, डाव्यात दोनच. डावा हात गोंधळला, एक अंडं जास्तीचं उचलायला गेला, तिने त्याला आवरलं. पाच अंड्यांची एक ओळ भरली. काम हळू होत होतं, वेडंवाकडं होत होतं, पहिल्या दिवशी शिकणाऱ्यासारखं.

पाच ओळी झाल्या. ट्रे अजून भरला नव्हता.

"सहावी ओळ," थोरली पंख्यांच्या वर आवाज काढून म्हणाली, आणि शेवटची पाच अंडी उचलली.